बरोबरी पुरेशी असताना: राष्ट्रीय संघांचा बचाव, आक्रमण आणि आपली समीक्षा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हापासून मला एकच प्रश्न येतोय: तुम्ही कोणत्या बाजूचे? आक्रमणाच्या की बचावाच्या? जणू काही मी इथे उभा राहून मत मागणार आहे. (हशा) फुटबॉलबद्दल आपल्याकडे असंच बोललं जातं. वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, आणि त्या झेंड्यांच्या मागे एक समजूतही उभी असते. अमुक देश सुंदर खेळतो, अमुक देश रडीचा खेळतो. ब्राझील म्हणजे नाच, इटली म्हणजे कुलूप. आक्रमण करतो तो शूर आणि दिलदार, बचाव करतो तो भित्रा आणि हिशेबी.

या समजुतीने सामन्याचं काहीही कळत नाही, असं माझं म्हणणं आहे. कळत नाही एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण तिने माणसांचं नुकसानही केलंय. त्याकडे मी येईन.

सगळा इतिहास सांगत बसलो तर रात्र होईल. म्हणून मी तीनच सामने निवडलेत. तिन्हींत एक गोष्ट समान आहे: एका संघाला जिंकायची गरजच नव्हती, बरोबरी पुरेशी होती. १९५० सालचा ब्राझील विरुद्ध उरुग्वे. १९८२ सालचा ब्राझील विरुद्ध इटली. आणि तिसरा आपला, २०१९च्या आशिया कपमधला भारत विरुद्ध बहरीन. तिन्ही वेळा बरोबरी पुरेशी असलेला संघ हरला.

हेच सामने का? कारण एरवी दोन्ही संघांना गोल हवा असतो, त्यामुळे प्रशिक्षकाच्या मनातलं नीट दिसत नाही. बरोबरी पुरेशी असली की प्रश्न उघडा पडतो. आज गोल केला नाही तरी चालेल, मग नव्वद मिनिटं करायचं काय?

आधी १९८२ घेऊ. कारण त्या सामन्यावर जेवढी रडारड झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या सामन्यावर झाली असेल.

५ जुलै १९८२. बार्सिलोनातलं सारिया स्टेडियम, एस्पान्योल क्लबचं, आज ते अस्तित्वातही नाही. तिघांचा गट: ब्राझील, इटली, अर्जेंटिना. अर्जेंटिनाला ब्राझीलने ३-१ हरवलं होतं, इटलीने २-१. म्हणजे गोलफरकावर ब्राझील पुढे, त्यांना बरोबरी पुरे. टेले सान्ताना यांचा तो संघ: झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो, एडेर. इटलीपर्यंत येईतो चार सामन्यांत तेरा गोल. समोर इटली. पहिल्या फेरीत तीन सामने, तिन्ही बरोबरीत. पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. कॅमेरूनचेही तीन बरोबरीचेच गुण, पण इटलीने एक गोल जास्त केला होता म्हणून पुढे आले. त्यांचा स्ट्रायकर पाओलो रॉसी मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून नुकताच परतलेला, आणि चार सामन्यांत एकही गोल नाही.

निकाल तुम्हाला माहीत आहे. इटली ३, ब्राझील २. तिन्ही गोल रॉसीचे. आणि मग जगभर लिहिलं गेलं की त्या दिवशी सुंदर फुटबॉल मेला. का मेला? तर ब्राझील आक्रमण करत राहिला, त्यांना बचाव करणं कमीपणाचं वाटलं, आणि कुलूपवाल्या इटलीने त्यांना फसवलं.

आता आपण ते तीन गोल एकेक करून बघू. समीक्षकाचं काम हेच. गोल कसा झाला ते आधी बघायचं, स्वभावावर नंतर बोलायचं.

पाचव्या मिनिटाचा पहिला गोल. इटलीच्या कॉन्तीने मैदान ओलांडणारा पास डावीकडे काब्रिनीला दिला, काब्रिनीचा क्रॉस, रॉसीचा हेडर. हा गोल ब्राझीलच्या आक्रमणाच्या पद्धतीचा परिणाम आहे, हे मान्य केलं पाहिजे. ब्राझीलच्या त्या संघात उजव्या कडेला कायमचा असा कोणी नव्हता. डावीकडे एडेर होता. उजवीकडे मधल्या फळीतले आळीपाळीने जायचे आणि मागून लिआंद्रो वर यायचा. त्यामुळे ती कड कधी भरलेली, कधी मोकळी. आणि इटलीचा काब्रिनी त्याच कडेने वर आला. ब्राझीलच्या मोकळेपणाची किंमत म्हणायची तर ती या गोलात आहे.

बाराव्या मिनिटाला झिकोच्या पासवर सॉक्रेटिसने बरोबरी केली. पंचविसाव्या मिनिटाला इटलीचा दुसरा. आता बघा, इथे ब्राझील आक्रमण करत नव्हता. चेंडू त्यांच्याच अर्ध्या भागात होता, सेरेझोने सहज म्हणून एक आडवा पास टाकला, तो नेमका कोणासाठी ते तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही कळलं नाही. रॉसीला कळलं. तो मध्ये घुसला, पुढे गेला, मारला. याला अतिआक्रमण कसं म्हणायचं? हा मागे चेंडू फिरवताना झालेला निष्काळजीपणा आहे. अगदी बचावात्मक संघही चेंडू असाच फिरवतो.

मग फाल्कावने अडुसष्टाव्या मिनिटाला २-२ केलं. आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला तिसरा गोल. तो कशावर? कॉर्नरवर! जवळजवळ अख्खा ब्राझील तेव्हा स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात होता. चेंडू अर्धवट बाहेर आला, तार्देल्लीने मारला, वाटेत रॉसीने दिशा दिली. ज्युनियर गोलरेषेजवळ राहिला होता म्हणून रॉसी ऑफसाईड ठरला नाही. म्हणजे ज्या गोलाने ब्राझील स्पर्धेबाहेर गेला, तो त्यांनी सगळे जण मागे येऊन बचाव करत असताना खाल्ला.

तीन गोलांपैकी आक्रमणाच्या किमतीचा एक, चुकीच्या पासचा एक, आणि चक्क बचावातला एक. यावरून "आक्रमण हरलं" हा निष्कर्ष कुठून निघतो?

आणि इटलीने तरी कुलूप लावलं होतं का? जेन्तिले झिकोला चिकटला होता, त्याचा शर्ट फाडला, हे खरं आहे. पंचांनी त्याबद्दल फारसं काही केलं नाही, हेही खरं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण बाकीचा संघ बघा. लिबेरो म्हणजे सगळ्यांच्या मागचा मोकळा बचावपटू, तो शिरेआ. कुलूपवाल्या गोष्टीतला लिबेरो शेवटची भिंत असतो. आमचा शिरेआ पुढे आठवड्याभरात पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात, तार्देल्लीच्या त्या प्रसिद्ध गोलाआधी, समोरच्या पेनल्टी क्षेत्रात पास देत-घेत होता. भिंत तिकडे काय करत होती? (हशा) सारियामध्येही इटलीने चौथा गोल केला होता, आन्तोन्योनीचा, आणि तो चुकीने ऑफसाईड दिला. सुमारे दोन मिनिटं बाकी असताना, पुढे असताना, कुलूपवाला संघ चौथ्या गोलाकडे धावतोय.

"कुलूप" या शब्दाचंच सांगतो. कॅटेनॅचिओ म्हणजे दाराची कडी. आपल्याकडे वाड्याच्या दाराला आतून लाकडी अडसर लावायचे, तसं. ही कल्पना मुळात इटलीची नाही. कार्ल रापान नावाच्या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने स्वित्झर्लंडमध्ये १९३०च्या दशकात ती वापरली. त्याची अडचण साधी होती. त्याचे खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक नव्हते, समोरचे ताकदीने सरस, मग एक माणूस मागे जास्तीचा ठेवायचा. १९३८च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या स्वित्झर्लंडने जर्मनीला पुन्हा खेळवलेल्या सामन्यात ४-२ हरवलं. चार गोल! अडसर लावणाऱ्यांनी! पुढे इटलीत एलेनिओ एरेराच्या इंटर मिलानने तो गाजवला, आणि त्या इंटरचा डावा बॅक फाकेत्ती धावत जाऊन नियमित गोल करायचा. म्हणजे अडसर हा दार बंद करून आत बसण्यासाठी नव्हताच. दार आपल्या सोयीने उघडता यावं यासाठी होता.

मग या हत्याराला स्वभावाचं नाव कोणी दिलं? बऱ्याच अंशी आम्ही, लिहिणाऱ्यांनी. इटलीत जियानी ब्रेरा हा फार मोठा क्रीडालेखक होऊन गेला, भाषेवर हुकमत असलेला. त्याने वर्षानुवर्षं मांडलं की इटालियन माणूस अंगाने कमी, म्हणून त्याने बचाव करावा आणि संधी साधून प्रतिहल्ला करावा, तेच त्याच्या प्रकृतीला शोभतं. तो हे कौतुकाने म्हणत होता. ब्राझीलचे लेखक उलट्या टोकाने तेच म्हणत होते, आमच्या रक्तातच नाच आहे. दोघांनी डावपेच उचलून रक्तात नेऊन ठेवले. आणि एकदा गोष्ट रक्तात गेली की तिच्यावर चर्चा होत नाही, फक्त अभिमान किंवा शरम वाटते.

शरमेचं काय होतं ते १९५०मध्ये दिसतं.

१६ जुलै १९५०, रिओतलं माराकाना. प्रेक्षक पावणेदोन लाखांच्या आसपास, कदाचित त्याहून जास्त. तेव्हा अंतिम फेरी म्हणजे चार संघांचा गट होता. ब्राझीलने स्वीडनला ७-१, स्पेनला ६-१ हरवलेलं. उरुग्वेची स्पेनशी २-२ बरोबरी, स्वीडनवर ३-२. शेवटच्या सामन्यात ब्राझीलला बरोबरी पुरे. दुसऱ्या अर्धात सत्तेचाळिसाव्या मिनिटाला फ्रियासाने गोल केला, १-०. आता तर उरुग्वेला दोन हवेत.

सहासष्टाव्या मिनिटाला उरुग्वेचा घिग्जिया उजव्या कडेने बिगोदेला चकवून पुढे गेला, आत पास, स्कियाफिनोचा गोल. एकोणऐंशीव्या मिनिटाला तोच घिग्जिया, तीच कड, तोच बिगोदे मागे पडलेला. गोलरक्षक बार्बोसाला वाटलं हा पुन्हा आत पास देणार, म्हणून तो किंचित पुढे सरकला, आणि घिग्जियाने जवळच्या खांबाकडून चेंडू आत घातला. १-२.

तेरा मिनिटांच्या अंतराने एकाच दारातून दोनदा चोर शिरला. यात रक्ताचा काय संबंध? प्रश्न इतकाच की पहिल्या गोलानंतर बिगोदेच्या मदतीला दुसरा माणूस का गेला नाही. तेव्हा बदली खेळाडू नव्हते, ओरडून सांगणं त्या आवाजात अशक्यच असणार, पण मैदानावरच्या कोणीतरी चार पावलं डावीकडे सरकायला हवं होतं. बचाव म्हणजे काय, तर कोण कोणाला झाकणार हे आधी ठरवणं. ते ठरलेलं नव्हतं, किंवा ठरलेलं त्या गडबडीत मोडलं.

पण देशाने काय वाचलं? आमच्यात दम नाही, आम्ही ऐनवेळी कच खातो. नेल्सन रॉड्रिग्ज या नाटककाराने पुढे, १९५८ साली, याला नावच दिलं: भटक्या कुत्र्याचा न्यूनगंड. त्याचा रोख देशाचा आत्मविश्वास जागवण्यावर होता, हे मान्य. पण न्यूनगंडाची किंमत सगळ्या देशाने नाही दिली. ती दिली बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल या तिघांनी, आणि तिघेही कृष्णवर्णीय. गोलरक्षक म्हणून बार्बोसा त्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता. २००० साली तो वारला. ब्राझीलमध्ये गुन्ह्याची जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षं असते आणि मी पन्नास वर्षं भोगतोय, अशा अर्थाचं तो म्हणत असे. चार पावलांच्या सरकण्याचा प्रश्न आपण चारित्र्याचा केला, की कोणीतरी एक माणूस असा आयुष्यभर उभा राहतो पिंजऱ्यात. मघाशी नुकसान म्हणालो ते हे.

आता तिसरा सामना. इथे ब्राझीलच्या बरोबर उलट घडलं.

जानेवारी २०१९, संयुक्त अरब अमिरातीतला आशिया कप. भारताने पहिल्या सामन्यात थायलंडला ४-१ हरवलं, सुनील छेत्रीचे दोन. दुसऱ्या सामन्यात यजमान अमिरातीविरुद्ध ०-२ हरलो, पण काय खेळलो होतो! दोनदा चेंडू गोलच्या दांडीला लागला. शेवटचा सामना १४ जानेवारीला शारजात बहरीनशी. बरोबरी केली असती तर बाद फेरी नक्की. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन. आणि आधीच्या दोन सामन्यांत पुढे धावणारा हा संघ त्या रात्री मागे बसला. सुरुवातीलाच अनस एडथोडिका जखमी होऊन बाहेर गेला, त्याचाही परिणाम असेल. पण नव्वद मिनिटं आपण चेंडू लांब मारत राहिलो आणि तो परत येत राहिला. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला प्रणॉय हलदरकडून फाऊल, पेनल्टी, जमाल राशिदचा गोल. ०-१. घरी. कॉन्स्टंटाईन यांनी लगेच राजीनामा दिला.

ब्राझीलला बरोबरी पुरे होती, ते म्हणे आक्रमण करत राहिले आणि हरले. आपल्याला बरोबरी पुरे होती, आपण बचाव करत राहिलो आणि हरलो. मग आता काय शिकायचं? आक्रमण वाईट की बचाव वाईट?

अजून गंमत आहे. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोह्यात भारत विरुद्ध कतार, वर्ल्ड कप पात्रता फेरी. प्रशिक्षक आता इगोर स्टिमाच. कतार म्हणजे तेव्हाचा आशियाई विजेता. छेत्री आजारी, बाहेर. भारत पुन्हा मागे. कतारचे शॉटवर शॉट. गुरप्रीत सिंग संधू त्या रात्री गोलपोस्टमध्ये असा उभा राहिला की बस. ०-०. सगळीकडे कौतुक: काय झुंज, काय हिंमत! आता मला सांगा, शारजात मागे बसणं हा भित्रेपणा आणि दोह्यात मागे बसणं ही हिंमत, यात फरक काय? एक पेनल्टी आणि एक गोलरक्षक. शूर आणि भित्रा हे शब्द आपण निकाल लागल्यावर खिशातून काढतो. आणि पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशसारख्या संघाने आपल्यासमोर तेच केलं, मागे बसले, पुढेही गेले, आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याच्या आदिल खानने हेडर मारला म्हणून आपण १-१वर सुटलो. तेव्हा आपण त्यांना रडीचे म्हणत होतो.

क्रिकेटमध्ये आपण इतके अडाणी नाही, बरं का. जानेवारी २०२१ची सिडनी कसोटी आठवा. हनुमा विहारी, पाय जायबंदी, १६१ चेंडूंत नाबाद २३. समोर अश्विन. सामना अनिर्णित. कोणी म्हणालं का की विहारी सौंदर्याचा मारेकरी आहे? मुंबईच्या क्रिकेटला आपण प्रेमाने खडूस म्हणतो. आणि कबड्डी तर घ्याच. चढाई करणारा जेवढा हिरो, तेवढाच पकड करणारा. साखळी करून चढाईपटूला कोपऱ्यात घेणाऱ्यांना भित्रे म्हणाल तर मैदानावरून घरी जाऊ देणार नाहीत. (हशा) कबड्डीत पकडीला गुण मिळतो, म्हणून ती कृती आहे हे आपल्याला दिसतं. फुटबॉलमध्ये पकडीला गुण नाही. पण पकडल्यावर चेंडू हातात, म्हणजे पायात, येतो. आणि तिथेच माझा मुद्दा आहे.

संघाकडे चेंडू असताना तो काय करतो, नसताना काय करतो, हे आपण बघतो. मी म्हणतो, चेंडू मिळाला त्या क्षणी तो काय करतो आणि गेला त्या क्षणी काय करतो, ते बघा. ते दोन-तीन सेकंद. शारजात भारताचा बचाव वाईट होता असं मला वाटत नाही. नव्वद मिनिटं गोल दिला नाही की. वाईट होतं ते चेंडू मिळाल्यानंतरचं. सुटकेची वाट नव्हती. चेंडू जिंकला, की तो कुणाकडे द्यायचा हे ठरलेलं नाही, म्हणून लांब लाथाडला, म्हणून पुन्हा समोरच्याकडे, म्हणून पुन्हा बचाव. विश्रांतीच नाही. माणूस दमतो, दमला की पाय उशिरा पडतो, आणि उशिरा पडलेला पाय म्हणजे पेनल्टी.

याच्या शेजारी २०२२चा मोरोक्को ठेवा. वालिद रेग्रागुई वर्ल्ड कपच्या जेमतेम तीन महिने आधी प्रशिक्षक झाले. उपांत्य फेरीपर्यंत पाच सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला आणि तोही त्यांच्याच बचावपटूचा स्वयंगोल. स्पेनने त्यांच्याविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले आणि गोल एकही नाही, पेनल्टी शूटआऊटमध्येही एकही नाही. हा संघ मागेच बसत होता. पण चेंडू मिळाला की अम्राबात, औनाही, बुफाल तो पायात ठेवून चार माणसांमधून बाहेर काढत होते, आणि हकिमी धावायला सुरुवात करत होता. समोरच्याला परत धावावं लागायचं. त्या दहा सेकंदांत मागचे बचावपटू श्वास घेत होते. लिहिणाऱ्यांनी त्यांच्या झुंजीबद्दल भरभरून लिहिलं, या दहा सेकंदांबद्दल फार थोडं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे राष्ट्रीय संघ हे का शिकत नाहीत? कारण वेळ नाही. क्लबचा संघ रोज एकत्र सराव करतो. राष्ट्रीय संघ वर्षातून काही वेळा, काही दिवसांसाठी भेटतो. त्यात काय बसवता येईल? चेंडू इकडे असताना तू इथे उभा राहा, तिकडे गेला की तू सरक, हे आठवड्यात शिकवता येतं. पण समोर गर्दी असताना कोण धावेल, कोण थांबेल, पास धावण्याच्या आधी की नंतर, याला सहवास लागतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत बचाव लवकर पक्का होतो आणि आक्रमण अडखळतं.

आरिगो साक्की यांचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. मिलानमध्ये त्यांनी प्रतिस्पर्धी नसताना, कधी चेंडूही नसताना, खेळाडूंना तास न् तास एका रांगेत सरकायला लावून तो अद्भुत दबावाचा खेळ उभा केला. मग ते इटलीचे प्रशिक्षक झाले. १९९४ साली अमेरिकेत काय दिसलं? आयर्लंडकडून ०-१ हार, गटात तिसरे, नॉर्वेविरुद्ध गोलरक्षकाला लाल कार्ड मिळालं तर यांनी रॉबर्टो बाज्जोलाच बाहेर काढलं. नंतर बाद फेरीत त्याच बाज्जोच्या पाच गोलांवर हे अंतिम फेरीत पोहोचले. आक्रमक फुटबॉलचा प्रेषित, आणि संघ चालला एका माणसाच्या पायावर. साक्की बदलले नव्हते. त्यांच्याकडचे दिवस कमी झाले होते. आणि त्या अंतिम सामन्यात समोर कोण? पॅरेराचा ब्राझील, सारियाचा धडा घेतलेला. दुंगा आणि माउरो सिल्वा मध्ये पहारा देणारे, सात सामन्यांत अकरा गोल, खाल्ले तीन. ०-० आणि पेनल्टीवर कप. ब्राझीलने चोवीस वर्षांनी वर्ल्ड कप जिंकला आणि ब्राझीलमध्येच अनेकांनी नाक मुरडलं. मलाही तो सामना दुसऱ्यांदा बघवत नाही, ते सोडा. पण रोमारिओ आणि बेबेतो पुढे मोकळे धावू शकले ते या पहाऱ्यामुळे.

ज्यांना सहवास फुकट मिळाला, त्यांचं वेगळं. २०१०च्या अंतिम सामन्यात स्पेनच्या अकरांपैकी सहा जण बार्सिलोनाचे होते. आणि १९८२चा इटली? झॉफ, जेन्तिले, काब्रिनी, शिरेआ, तार्देल्ली, रॉसी. सहा जण युव्हेंटसचे. सुंदर ब्राझीलला हरवणारा संघ स्वभावाने काय होता ते मला माहीत नाही, पण त्यातले सहा जण क्लबमध्ये रोज एकत्र जेवत होते.

स्पेनचं आणखी एक. त्यांना आपण आक्रमक संघ म्हणतो ना? सात सामन्यांत आठ गोल. बाद फेरीतले चारही सामने १-०. एकही गोल खाल्ला नाही त्या चारांत. चेंडू आपल्याकडे ठेवला की समोरचा गोल करू शकत नाही, एवढा साधा बचाव. २००४ला ओट्टो रेहागेलच्या ग्रीसनेही युरो कपचे बाद फेरीतले तिन्ही सामने १-०नेच जिंकले, फ्रान्स, चेक आणि अंतिम फेरीत पोर्तुगाल, तिन्ही गोल हेडरने. ग्रीसला कंटाळवाणे म्हणून झोडपलं, स्पेनला कविता म्हणून डोक्यावर घेतलं. आवडनिवड असू द्या, मलाही इनिएस्टाच बघायचा असतो. पण दोघांच्या हिशेबाच्या वहीत आकडा एकच आहे.

वेळ संपत आलाय. एखादा प्रश्न घेतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, मग २-२ झाल्यावर टेले सान्ताना यांनी नेमकं काय करायला हवं होतं?)

छान. याचं उत्तर देताना आधी एक सांगतो, कारण ते बहुतेक लेखांत नसतं. त्यांनी काहीच केलं नाही, हे खरं नाही. फाल्कावचा गोल अडुसष्टाव्या मिनिटाला. त्याच्या पुढच्याच मिनिटाला सान्ताना यांनी सर्जिन्यो या स्ट्रायकरला बाहेर काढलं आणि पाउलो इसिडोरो या मधल्या फळीतल्या माणसाला आत आणलं. स्ट्रायकर काढून मिडफिल्डर! दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षकाने केलं असतं तर आपण याला सावध बदल म्हटलं असतं. म्हणजे तो हिशेब त्यांनाही कळत होता. पण बदल झाला माणसांचा, चाल तीच राहिली. सॉक्रेटिस पुढे सरकला, बाकीचे आपल्या सवयीने वर जात राहिले. मला विचाराल तर लिआंद्रोला उजवीकडे थांबवायला हवं होतं, आणि चेंडू मधल्या चौघांत फिरता ठेवायला हवा होता. त्या चौघांकडून चेंडू काढून घेणं त्या वर्षी जगात कोणालाच सोपं नव्हतं. स्पेनने अठ्ठावीस वर्षांनी केलं तेच, आणि त्यांच्यापेक्षा सरस पायांनी.

त्यांनी ते केलं असतं तर कप जिंकला असता का, हे मी सांगू शकत नाही. कॉर्नर तरीही झाला असता कदाचित. शेवटच्या मिनिटाला ऑस्करचा हेडर झॉफने गोलरेषेवर दाबून धरला. चाळीस वर्षांचा माणूस. तो चेंडू बोटभर आत गेला असता तर बरोबरी झाली असती, ब्राझील उपांत्य फेरीत पोलंडशी खेळला असता, आणि मग आज मला दुसरा सामना शोधावा लागला असता.